४१ आणि ९४

सांगलीच्या मामांनी गेल्या रविवारी सकाळी आमच्या घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मजकूर टाकला. मथळा ठळक अक्षरांत, मध्ये तीन ज्वाळा, शेवटी 'जास्तीत जास्त शेअर करा'. एरवी असलं काही मी उघडतही नाही. पण मजकूर उत्तर आयर्लंडबद्दल होता आणि मी २०१६ ते २०१९ बेलफास्टला नोकरीला होतो. शिवाय मामा तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेत. खाली त्यांनी स्वतः लिहिलं होतं, "वाचनीय. तुला तर माहीतच असेल." मग मात्र राहवेना.

मजकूर थोडक्यात असा. आयआरएच्या, म्हणजे उत्तर आयर्लंड ब्रिटनपासून तोडून आयर्लंडला जोडू पाहणाऱ्या सशस्त्र संघटनेच्या, कॅथलिक अतिरेक्यांनी तीस वर्षं थैमान घातलं आणि सरकार हातावर हात ठेवून बसलं. तेव्हा साधी प्रॉटेस्टंट माणसं, दुकानदार, कामगार, स्वतःच उभी राहिली. त्यांनी 'फक्त अतिरेकी वेचून टिपले, एकाही निरपराधाला धक्का लावला नाही'. पहिली गोळी त्यांनी कधी झाडली नाही, फक्त उत्तर दिलं. सरकारची मदत शून्य. आणि १९९४ मध्ये आयआरएने घाबरून शस्त्रं खाली ठेवली. शेवटी ती ओळ, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप: 'आपल्या गल्लोगल्ली अशी पथकं कधी?'

'फक्त अतिरेकी' यापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीचा डोलारा त्या एकाच थापेवर उभा आहे.

माल्कम सटन नावाच्या संशोधकाने या संघर्षातल्या एकेका मृत्यूची नोंद केली आहे: तारीख, जागा, मेलेला कोण, मारणारा कोण. ती यादी अल्स्टर विद्यापीठाच्या 'केन' या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते, पैसे पडत नाहीत. त्यात १९६९ ते २००१ या काळातले ३,५३२ मृत्यू आहेत. पैकी १,०२७ या मजकुरातल्या 'साध्या माणसांच्या' नावावर, म्हणजे यूव्हीएफ, यूडीए या प्रॉटेस्टंट सशस्त्र संघटना आणि त्यांच्या पिलावळीच्या. ब्रिटनशी निष्ठा सांगतात म्हणून तिकडे त्यांना लॉयलिस्ट म्हणतात. आता या १,०२७ ची फोड बघा. सुरक्षा दलांची माणसं १४. आयआरए आणि तिच्या बाजूच्या सशस्त्र संघटनांची ४१. लॉयलिस्ट टोळ्यांचीच स्वतःची ९४. आणि सामान्य नागरिक ८७८.

मामा, तुम्ही आम्हाला फळ्यावर गणितं घालायचात तशी ही मांडा. ज्यांना मारण्यासाठी म्हणून ही मंडळी निघाली होती ते ४१. आपापसात, फितुरीच्या संशयावरून, टोळीयुद्धात, स्वतःच्याच बॉम्बने मेले ते ९४. शत्रूपेक्षा दुपटीहून जास्त आपलेच! आणि या दोन्हींची बेरीज केली तरी ती ८७८ च्या जवळपासही जात नाही. शंभर माणसं मारली की त्यात हत्यार धरणारे विरोधक चार. याला वेचून टिपणं म्हणतात?

असं का झालं, तेही अवघड नाही. गणवेश नसलेल्या माणसाने गणवेश नसलेला शत्रू ओळखायचा कसा? बेलफास्टमध्ये चेहऱ्यावरून काही कळत नाही. दोघेही गोरे, दोघेही एकाच पावसाला शिव्या देणारे. मग नाव विचारतात, कुठल्या शाळेत होतास ते विचारतात. 'एच' हे अक्षर कसं उच्चारतो तेही कान देऊन ऐकतात: कॅथलिक बहुधा 'हेच' म्हणतो, प्रॉटेस्टंट 'एच'. आपल्याकडे "आडनाव काय म्हणालात?" असं विचारून जे साधतात, ते तिथे शाळेच्या नावातून साधतं. ऑफिसात पहिल्याच आठवड्यात एका सहकाऱ्याने मला तिकडचा घासून गुळगुळीत झालेला विनोद ऐकवला होता: हिंदू आहेस ते कळलं रे, पण कॅथलिक हिंदू की प्रॉटेस्टंट हिंदू? मीही मोठ्याने हसलो होतो. पुढे 'शँकिल बुचर्स' या टोळीबद्दल वाचलं आणि त्या हसण्याची लाज वाटली.

लेनी मर्फी नावाच्या यूव्हीएफच्या माणसाची ही टोळी. १९७० च्या दशकाच्या मध्यात ही माणसं रात्री उशिरा गाडी काढून बेलफास्टच्या मधल्या भागात फिरायची. कुणी एकटा पायी घरी चाललेला दिसला आणि तो कॅथलिक वस्तीच्या दिशेने चाललेला असला, की पुरावा पुरा. त्याचं राजकारण काय, आयआरए त्याला आवडते की नाही, हे विचारायचं कारणच नव्हतं. उचलायचं, हाल हाल करायचे, गळा चिरायचा. फेब्रुवारी १९७९ मध्ये टोळीतल्या ११ जणांना शिक्षा झाली तेव्हा आरोपांत १९ खून होते आणि जन्मठेपा ४२. याच टोळीने एका सकाळी लॉरीतल्या दोन कामगारांना कॅथलिक समजून गोळ्या घातल्या. दोघे प्रॉटेस्टंट निघाले.

हा एखादाच अपघात असता तर सोडून दिलं असतं. पण ग्रेस्टीलच्या बारमध्ये ३० ऑक्टोबर १९९३ च्या रात्री यूडीएच्या बंदूकधाऱ्यांनी आठ जणांना मारलं, त्यातले दोन प्रॉटेस्टंट. १९७५ च्या जुलैत मायामी शोबँड हा लोकप्रिय वाद्यवृंद डब्लिनकडे परत निघाला असताना त्याची गाडी लष्करी गणवेशातल्या माणसांनी अडवली. कलाकारांना रस्त्याकडेला रांगेत उभं केलं आणि मागे गाडीत बॉम्ब ठेवू लागले. तो त्यांच्याच हातात फुटला, ठेवणारे दोघे जागीच गेले. मग उरलेल्यांनी कलाकारांवर गोळीबार केला. तीन कलाकार मेले, त्यातला एक प्रॉटेस्टंट. ती माणसं गाणी वाजवायची, मामा. दोन्ही बाजूंची पोरं त्यांच्या गाण्यांवर नाचायची.

लॉकिनआयलंडचं मी फक्त सांगून पुढे जातो. १८ जून १९९४, फुटबॉलचा विश्वचषक, आयर्लंड विरुद्ध इटली. गावातल्या छोट्या बारमध्ये लोक टीव्हीकडे तोंड आणि दाराकडे पाठ करून बसलेले. यूव्हीएफची माणसं आत आली आणि पाठीत गोळ्या घातल्या. सहा मेले. त्यातल्या एका आजोबांचं वय ८७ होतं. हे वेचून टिपलेले अतिरेकी.

'पहिली गोळी त्यांनी झाडली नाही' हा मुद्दा कुणी लिहिला त्याने निदान सनावळी तरी बघायची. ज्या आयआरएने पुढची तीस वर्षं हे युद्ध चालवलं ती प्रोव्हिजनल आयआरए डिसेंबर १९६९ मध्ये जन्माला आली. यूव्हीएफने आयआरएविरुद्ध युद्ध जाहीर केलं ते १९६६ मध्ये, म्हणजे समोर कुणी फारसं लढत नसताना. त्या वर्षी मे महिन्यात शँकिल भागातला एक कॅथलिक मालकाचा दारूचा गुत्ता पेटवायला म्हणून पेट्रोल बॉम्ब टाकला, तो शेजारच्या घरावर पडला. घरात ७७ वर्षांची एक प्रॉटेस्टंट विधवा होती. ती भाजून जूनमध्ये वारली. धर्मरक्षणाची सुरुवात अशी झाली. त्याच उन्हाळ्यात झालेल्या एका कॅथलिक बारवाल्या पोराच्या खुनासाठी यूव्हीएफच्या गस्टी स्पेन्सला जन्मठेप झाली. स्पेन्सचं नाव लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

आणि 'उत्तर' म्हणाल, तर उत्तराचं तिथे काय व्हायचं ते जानेवारी १९७६ च्या दोन दिवसांत दिसतं. ४ तारखेला संध्याकाळी लॉयलिस्ट बंदूकधारी दोन कॅथलिक कुटुंबांच्या घरांत घुसले, त्या गोळीबारात सहा जण गेले. दुसऱ्या दिवशी किंग्जमिलजवळ कापड गिरणीतून घरी निघालेल्या कामगारांची मिनीबस अडवली गेली. सगळ्यांना खाली उतरवून रांगेत उभं केलं आणि विचारलं, तुमच्यात कॅथलिक कोण? होता एकच. बाकीच्यांना वाटलं हे लॉयलिस्ट आहेत, आपल्या गड्याला मारायला आलेत. शेजारी उभ्या असलेल्यांनी त्याचा हात दाबून धरला, बोलू नकोस, हलू नकोस म्हणून. पण आलेले आयआरएचे होते. कॅथलिकाला बाजूला काढून, मागे न बघता पळ म्हणाले, आणि उरलेल्या ११ जणांवर गोळ्या झाडल्या. १० मेले. एकजण १८ गोळ्या लागूनही वाचला.

हे आयआरएचं पाप आहे आणि मी ते झाकत नाही. मजकुरात एक गोष्ट खरी आहे, ती नाइलाजाने का होईना मान्य करतो: सर्वांत जास्त माणसं आयआरए आणि तिच्यासारख्यांनीच मारली, दोन हजारांहून थोडी अधिक, आणि त्यात सातशेवर सामान्य नागरिक होते. एनिसकिलनला युद्धस्मारकापाशी जमलेल्यांवर १९८७ मध्ये बॉम्ब फोडणारेही तेच. पण समोरच्याने ७०० निरपराध मारले म्हणून आपल्या ८७८ चे अतिरेकी होत नाहीत.

'सरकारची मदत शून्य' हे वाचून तर मी फोन बाजूलाच ठेवला. यूडीए ही संघटना १९७१ ला निघाली आणि ऑगस्ट १९९२ पर्यंत चक्क कायदेशीर होती. खून करताना यूएफएफ हे दुसरं नाव लावायची, बंदी त्या नावावर. फेब्रुवारी १९८९ मध्ये पॅट फिनुकेन या वकिलाला त्याच्या घरात, रविवारी जेवताना, बायकामुलांसमोर मारलं तेही यूडीएनेच. त्यावर डी सिल्वा अहवाल डिसेंबर २०१२ मध्ये आला. यूडीएकडची ८५ टक्के माहिती सुरक्षा दलांकडूनच येते, असा गुप्तचर खात्याचाच १९८५ चा अंदाज त्यात छापलेला आहे. यूडीएची माहिती सांभाळणारा ब्रायन नेल्सन हा लष्कराचा हस्तक होता. पंतप्रधान कॅमेरून यांनी संसदेत उभं राहून माफी मागितली. ब्रिटनच्या पंतप्रधानाने कबूल केलेलं नाकारायला सांगलीत बसून काय हिंमत लागते!

राहिला १९९४ चा मुद्दा. यातही कणभर तथ्य आहे: नव्वदीच्या सुरुवातीला लॉयलिस्टांचे खून वाढले होते, आयआरएच्या बाजूच्या शिन फेन या राजकीय पक्षाच्या काही कार्यकर्त्यांनाही त्यांनी मारलं आणि कॅथलिक वस्त्या दहशतीखाली होत्या. पण आयआरएशी बोलणी त्याआधीपासून चालू होती, अहिंसक मार्गाचे कॅथलिक नेते ह्यूम आणि शिन फेनचे अध्यक्ष अॅडम्स १९८८ पासून भेटत होते, डिसेंबर १९९३ मध्ये ब्रिटन आणि आयर्लंड या दोन्ही सरकारांचा जाहीरनामा आला होता. शिवाय 'शस्त्रं खाली ठेवली' हेच खोटं. ती युद्धबंदी होती, फेब्रुवारी १९९६ मध्ये लंडनच्या डॉकलँड्समध्ये बॉम्ब फोडून आयआरएने ती मोडली आणि १९९७ मध्ये पुन्हा जाहीर केली. शस्त्रं नष्ट केली २००५ मध्ये. मधे १९९८ चा गुड फ्रायडे करार झाला, टेबलावर बसून.

आणि लॉयलिस्टांनी स्वतः काय म्हटलं? १३ ऑक्टोबर १९९४ ला त्यांची युद्धबंदी वाचून दाखवायला हाच गस्टी स्पेन्स बसला होता, आता म्हातारा. त्या निवेदनात निरपराध बळींच्या आप्तांपुढे खरा, मनापासूनचा पश्चात्ताप व्यक्त केला होता. ज्यांनी मारलं ते म्हणतात आम्ही निरपराध मारले. आमच्या ग्रुपवरचा मजकूर म्हणतो, एकही नाही.

गल्लोगल्लीच्या पथकांबद्दल एवढंच विचारतो. ती आली की गल्ली तुमचीच असते, हे खरं. शँकिलही लॉयलिस्टांचीच होती. तिथल्या दुकानदारांकडून हप्ते यांनीच घेतले, वस्तीतल्या पोरांना शिक्षा म्हणून गुडघ्यात गोळ्या यांनीच घातल्या. करार होऊन वीस वर्षं उलटली होती तरी प्रॉटेस्टंट शँकिल आणि कॅथलिक फॉल्स रोडच्या मधल्या भिंतीची फाटकं रात्री बंद व्हायची. उशीर झाला की माझी टॅक्सी वळसा घालून जायची आणि मीटर पळायचा.

हे सगळं एवढं मोठं लिहून मी मामांना वेगळं पाठवलं, ग्रुपवर नाही. थोरल्यांना चारचौघांत कशाला. संध्याकाळी त्यांचा फोन आला. मजकुराबद्दल चकार शब्द नाही. म्हणाले, "अरे, तो मिनीबसमधला. ज्याचा हात धरून ठेवला होता. तो पुढे राहिला का त्या गावात?" मी म्हटलं, मामा, ते त्याचं त्याला जगू द्यावं. थोडा वेळ दोघेही गप्प. मग म्हणाले, "ते ग्रुपवरचं काढून टाकतो." पण तोवर तीन दिवस उलटले होते आणि इतक्या उशिरा सगळ्यांच्या फोनमधून संदेश काढता येत नाही. तो अजून तिथेच आहे. खाली अकरा अंगठे.