लायब्ररी सायन्स म्हणजे पुस्तकं लावायचा कोर्स? नाही हो

एक मेसेज फिरतोय की लायब्ररी सायन्स म्हणजे रॅकवर पुस्तकं लावायचं ट्रेनिंग, वाचनाची आवड असली की झालं. चूक आहे. कोणी येऊन 'शुगरवर पुस्तक आहे का' विचारलं तर त्याला डायबिटीस हवाय की साखर कशी बनते ते, हे नीट विचारून काढून घ्यायलाच शिकवतात, कारण ड्युई पद्धतीत (विषयानुसार पुस्तकांना नंबर द्यायची पद्धत, १८७६ पासूनची आहे ती) डायबिटीस ६१६.४६२ ला आणि साखर ६६४.१ ला, म्हणजे दोन वेगळी कपाटं. शिवाय कॅटलॉगिंग (पुस्तकांच्या नोंदी करणं), त्यात मार्क फॉरमॅट, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नोंदीत २४५ नंबरच्या रकान्यात शीर्षक, १०० मध्ये लेखक वगैरे (सुरुवातीला डोकं उठतं), डेटाबेस सर्च, कॉपीराइट, डिजिटायझेशन. वाचनाची आवड असेल तर छानच, पण कामावर वाचत बसायला वेळ मिळत नाही!