परत आलेलं ताट कोण बघतं?

नागपूरला फोन केला आणि दवाखान्याचा विषय निघाला की जेवणाचं बोलणं दोनच वाटांनी जातं. एक वाट अंड्याची. राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये शाळेच्या पोषण आहारातल्या अंड्यांसाठीचा निधी थांबवला, हवी असतील तर लोकसहभागातून द्या म्हणून शाळांना सांगितलं. तेव्हापासून आमच्या नात्यागोत्यात रुग्णाच्या ताटावरही तोच वाद रंगतो. दुसरी वाट ‘तुमच्याकडे ब्रिटनमध्ये बघा’ची. तिकडे म्हणे खाटेवर मेनूकार्ड येतं, मेडिकल आणि मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांतही तसंच व्हायला हवं.

मी लीड्समधल्या एका रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे आणि वाढले हनुमाननगरात, मेडिकलपासून चालत जाण्याच्या अंतरावर. त्यामुळे या दोन्ही वाटा मला आपल्या वाटतात. पण रुग्णाच्या पोटापर्यंत त्यातली एकही पोचत नाही.

आधी मेनूकार्डाचं. ब्रिटनमधल्या बऱ्याच रुग्णालयांत अन्न तिथे शिजतच नाही. ते दूरच्या कारखान्यात शिजतं, शून्य ते तीन अंशांवर थंड करून ठेवतात आणि वॉर्डातल्या गाडीत पुन्हा तापवून वाढतात. सोय मोठी आहे. पण एका ठिकाणी चूक झाली की ती अनेक रुग्णालयांत पोचते. २०१९ मध्ये इंग्लंडच्या रुग्णालयांत पुरवलेल्या तयार सँडविचमधून लिस्टेरिया या जिवाणूचा संसर्ग पसरला आणि आधीच आजारी असलेली माणसं दगावली. त्यानंतर सरकारने रुग्णालयीन जेवणाची फेरतपासणी करवून घेतली. तिचा अहवाल ऑक्टोबर २०२० मध्ये आला. नागपुरात सगळ्या सरकारी रुग्णालयांसाठी शहराबाहेर एकच मोठं स्वयंपाकघर काढा, असं कुणी सुचवलं तर मी विरोध करीन. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकणाऱ्या गावात वरण-भाताला लांबचा प्रवास नकोच.

खरं शिकण्यासारखं न्यूयॉर्कमध्ये घडलं. तिथल्या ११ सार्वजनिक रुग्णालयांनी २०२२ मध्ये पद्धत बदलली. रुग्णाला आधी वनस्पतीजन्य पदार्थ सुचवायचा, तो नको असेल तर दुसरा तसाच, आणि मांस मागितलं तर तेही द्यायचं. बंदी कशावरच नाही. जेवणामागचं कार्बन उत्सर्जन ३६ टक्क्यांनी घटलं, खर्चही थोडा उतरला आणि रुग्ण खूश राहिले.

पण हा उपाय नागपूरला जसाच्या तसा लागू होत नाही. आपलं ताट आधीपासूनच तुरीचं वरण, भात, पोळी, भाजी असं आहे. भंडारा-गोंदियाचा तांदूळ आणि विदर्भाची तूर, ज्वारी, जवस हाताशी आहेत. न्यूयॉर्कला जिथे पोचायचं आहे तिथे आपण जन्मापासून बसलो आहोत. आपलं दुखणं प्रथिनांचं आहे.

पन्नास किलोच्या माणसाचा हिशोब मांडते. मोठ्या आजारातून किंवा शस्त्रक्रियेतून उठताना त्याला दिवसाला साधारण ६० ते ७५ ग्रॅम प्रथिनं लागतात. दोन्ही वेळा तीन-तीन पोळ्या, थोडा भात, पातळ वरण आणि दिवसातून एक पेला दूध, एवढं सगळं संपवलं तरी गाडी चाळिशीच्या आसपास अडते, कारण पातळ वरणाच्या वाटीत जेमतेम १५ ग्रॅम डाळ असते. ती ४० ग्रॅम करा, एक वाटी दही द्या, दुपारी मूठभर फुटाणे किंवा सातूचं पीठ द्या, की आपण साठीच्या पुढे जातो. अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात आणि ती शरीराला उत्तम लागतात. जो खातो त्याला ते मिळालंच पाहिजे. जो खात नाही त्याला दही-फुटाण्यांतून तेवढंच मिळालं पाहिजे. कुणाच्या भावनेसाठी दुसऱ्या रुग्णाचं अंडं काढून घेणं मला पटत नाही. मूत्रपिंडाच्या रुग्णाचा हिशोब मात्र वेगळा, तो डॉक्टरांनीच ठरवायचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वाढलेलं ताट हे खाल्लेलं ताट नसतं. तोंड आलेलं असतं, हाताला सलाइन असतं, मळमळत असतं, कवळी घरी राहिलेली असते, किंवा जेवण येतं तेव्हाच रुग्णाला एक्सरेला नेलेलं असतं. ब्रिटनमध्ये रुग्ण दाखल झाला की त्याचं वजन, उंची आणि गेल्या काही महिन्यांत किती वजन उतरलं हे विचारून कुपोषणाचा धोका काढतात. धोका दिसला की दर जेवणानंतर नर्स तक्त्यावर लिहिते: पाव खाल्लं, अर्धं खाल्लं, काहीच नाही. जेवणाच्या वेळेत राउंड आणि तपासण्या शक्यतो टाळायच्या, असाही नियम आहे. माझं अर्धं काम त्या तक्त्यावर चालतं. औषधाची गोळी चुकली तर आपल्याकडेही लिहिलं जातं. जेवण चुकलं तर तेही केसपेपरवर यायला हवं.

‘एका नर्सकडे इतके रुग्ण, ती हे कधी लिहिणार?’ असं मला नागपूरचे डॉक्टर मित्र विचारतात. प्रश्न रास्त आहे. उत्तर खाटेशेजारी सतरंजी टाकून बसलेलं आहे.

गडचिरोलीहून, बालाघाटहून, छिंदवाड्याहून मेडिकलला आलेल्या रुग्णासोबत आई, बायको, भाऊ, कुणीतरी असतंच. ताट-वाटी तेच घरून आणतात, घास तेच भरवतात आणि रुग्णाने काय टाकलं हे त्यांनाच अचूक ठाऊक असतं. इकडे ब्रिटनमध्ये भेटीच्या वेळा आखून नातेवाइकांना वॉर्डाबाहेर काढलं गेलं. मग स्मृतिभ्रंशाचे रुग्ण परक्या हातून जेवेनात, खंगू लागले. आपल्या माणसाला जवळ राहू द्या म्हणून २०१४ मध्ये ‘जॉन्स कॅम्पेन’ नावाची चळवळ उभी राहिली, तेव्हा कुठे दारं उघडू लागली. जे इथे लढून मिळवावं लागलं ते नागपुरात आहे, आणि तिथे त्याला गर्दी समजतात.

या माणसांना कामात घ्या. ताटाचं चित्र छापलेला कागद द्या, किती संपलं तिथे खूण करतील. अक्षर यायची गरज नाही. त्यांचा डबा चोरून आत येतो, तो उघडपणे येऊ द्या. आहारतज्ज्ञाने तो बघावा, हृदयरोग्याच्या डब्यातलं लोणचं-पापड बाजूला काढायला सांगावं, मुगाच्या खिचडीत डाळ वाढवायला सांगावं. आवारात चार शेगड्या आणि पिण्याचं पाणी असलेलं एक नातेवाइकांचं स्वयंपाकघर असावं. बाहेर दानशूर मंडळी वाटतात ते अन्न त्याच जागी स्टीलच्या ताटांत वाढलं, तर फेकायच्या प्लेटांचा ढीगही थांबेल.

पर्यावरणाचं कामही इथेच सुरू होतं. उरलेलं अन्न भांडेवाडीच्या कचरा डेपोत जाऊन कुजलं की हवामान तापवणारा मिथेन वायू निघतो, आणि ती डाळ पिकवायला लागलेलं पाणी, शिजवायला लागलेला गॅस सगळं वाया जातं. शिर्डीच्या प्रसादालयात २००९ पासून सूर्याच्या उष्णतेने केलेल्या वाफेवर स्वयंपाक होतो, नागपूरच्या उन्हात तेही जमेल. पण त्याला निधी, निविदा, वर्षं लागतील. उरलेलं अन्न मोजायला एक बादली आणि एक वजनकाटा पुरतो.

माझं मत विचारलं तर सुरुवात अस्थिरोगाच्या एका वॉर्डातून करावी. तिथले रुग्ण आठवडेच्या आठवडे एकाच खाटेवर असतात, आणि हाड जुळायला, जखम भरायला प्रथिनं लागतातच. वजनकाट्यावर उभं राहता येत नसेल तर दंडाचा घेर टेपने मोजता येतो. दाखल होताना एकदा, मग दर सोमवारी, आणि त्याच पानावर नातेवाइकाने खूण केलेले आठवडाभराचे कागद टाचून ठेवायचे. डॉक्टरांनी राउंडला ते पान उघडून बघायचं.