बर्नीमुळे हिलरी पडली म्हणे!

तो मेसेज परत फिरतोय. 2008 ला डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीत ओबामाकडून हरल्यावर हिलरीने मोठ्या मनाने लगेच त्याला साथ दिली नि पक्ष एक झाला, 2016 ला तिच्याकडून उमेदवारीत हरलेला बर्नी सँडर्स रुसलेल्या जावयासारखा बसून राहिला, त्याची माणसं ट्रम्पकडे गेली, म्हणून हिलरी पडली. वाचायला भारी वाटतं, पण एकेक घेऊ.

लगेच? 2008 ला शेवटच्या प्रायमरीनंतर (प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायला राज्याराज्यात होणारं मतदान) चार दिवसांत, 7 जूनला हिलरीने माघार घेतली हे खरं. पण आठवडाभर आधीच, नियम मोडून लवकर प्रायमरी घेतलेल्या फ्लोरिडा-मिशिगनच्या डेलिगेट्सना (उमेदवार निवडणाऱ्या प्रतिनिधींना) अर्धं अर्धं मत देऊन पक्षाने भांडण मिटवलं तेव्हा तिचे समर्थक हॉलमध्ये "डेन्व्हर, डेन्व्हर" ओरडत होते, म्हणजे डेन्व्हरला होणाऱ्या कन्व्हेन्शनपर्यंत, उमेदवार जाहीर करणाऱ्या पक्षाच्या अधिवेशनापर्यंत, लढू.

मोठं मन वगैरे ठीक, पण देणंघेणंही झालं ना. 27 जूनला न्यू हॅम्पशरच्या युनिटी गावात दोघांची एकत्र सभा झाली, प्रायमरीत तिथे दोघांना बरोब्बर 107-107 मतं पडलेली, फोटो एकदम झकास. पण त्याच्या आदल्या दिवशी ओबामा तिच्या देणगीदारांना भेटला आणि तिच्या प्रचाराचं कर्ज फेडायला स्वतःचा 2300 डॉलरचा चेक दिला, त्याबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही. कन्व्हेन्शनमध्ये नवराबायको दोघांची भाषणं, मतमोजणीत तिचं नाव, आणि जिंकल्यावर थेट परराष्ट्र मंत्रीपद.

बर्नीने उशीर केला, मान्य. पाठिंबा 12 जुलैला दिला, शेवटच्या प्रायमरीनंतर जवळपास महिन्याने. पण हिलरीची निवड एकमताने जाहीर करा असं फिलाडेल्फियाच्या कन्व्हेन्शनमध्ये त्यानेच उभं राहून सांगितलं, हिलरीने ओबामासाठी डेन्व्हरमध्ये केलं तेच, आणि नंतर राज्याराज्यात तिच्यासाठी सभा घेतल्या. कन्व्हेन्शनच्या तोंडावर पक्षाचे ईमेल फुटले, त्यात पक्षाची माणसं हिलरीच्या बाजूने झुकलेली दिसली, पक्षाच्या अध्यक्षबाईंना राजीनामा द्यावा लागला, मग त्याचे लोक चिडले तर दोष त्याचाच का?

राहिली ट्रम्पकडे गेलेली माणसं. एका मोठ्या सर्व्हेत बर्नीचे साधारण 12 टक्के मतदार तिकडे गेलेले दिसतात, आणि मिशिगन राज्य हिलरीच्या हातून फक्त 10,704 मतांनी गेलं, तेव्हा ते महागात पडलंच, त्यात वाद नाही. पण 2008 ला हिलरीच्या बाजूचे रिपब्लिकन उमेदवार मॅकेनकडे गेले ते एक्झिट पोलमध्ये 15 टक्क्यांच्या आसपास होते! तरी ओबामा आरामात जिंकला कारण सप्टेंबरात लेहमन ही बडी बँक बुडाली आणि सगळं वारंच फिरलं.

पक्षाला स्वतःला काय वाटलं तेही बघा, 2018 ला सुपरडेलिगेट्सचं (प्रायमरीच्या निकालाला बांधील नसलेल्या पक्षनेत्यांचं) उमेदवार निवडीच्या पहिल्या फेरीतलं मत काढून घेतलं, बर्नीवाल्यांची जुनी मागणी, आणि 2020 ला बायडनने धोरणं ठरवायला बर्नीच्या माणसांना बरोबर घेऊन सहा गट नेमले. तेव्हा बर्नीने एप्रिलमध्येच पाठिंबा दिला होता.