चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?

फोर्टातल्या सीएपासून अंधेरीच्या कुरिअरवाल्यापर्यंत मुंबईच्या छोट्या ऑफिसांचं म्हणणं एकच. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला तर संपला. टॅली उघडतेय, प्रिंटर चालतोय, मग हात कशाला लावायचा? वर दाखला १९ जुलै २०२४चा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीच्या सदोष अपडेटने ८५ लाख विंडोज संगणक बसले, आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहायची पाळी आली. ‘बघा, अपडेटमुळेच!’

अहो, ती अपडेटची फाइल एकदम सगळीकडे सोडली, चूक तिथे झाली. पन्नास पीसी असतील तर अपडेट आधी पाचांवर टाका. दोन-तीन दिवस त्यांवर टॅली, डीएससी टोकन (डिजिटल सहीचं यूएसबी), प्रिंटर वापरून बघा, मग बाकीच्यांवर. मायक्रोसॉफ्टचे पॅच, म्हणजे सुरक्षेतली भोकं बुजवणारे अपडेट, महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात; त्या आठवड्यातली शनिवार संध्याकाळ राखून ठेवा. बॅकअप आधी, आणि तो एकदा परत उतरवून पाहिलेला हवा. शेवटी रीस्टार्टच. नुसत्या शटडाउनने भागत नाही, फास्ट स्टार्टअपमुळे जुनंच कर्नल (विंडोजचा गाभा) परत उठतं.

मी राहतो त्या ब्रिटनमध्ये सायबर इसेन्शिअल्स या सुरक्षा-प्रमाणपत्रासाठी गंभीर पॅच १४ दिवसांत लागलेला दाखवावा लागतो. कुणी कुरकुरत नाही. अर्थात हे शहाणपण मार खाऊन आलेलं. पॅच १४ मार्च २०१७चा, फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस १२ मेचा, तरी इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या (एनएचएस) २३६पैकी किमान ८० ट्रस्टना, म्हणजे रुग्णालयं चालवणाऱ्या संस्थांना, फटका बसलाच. तेच भोक वापरून २७ जूनला नॉटपेट्या हा व्हायरस आला आणि न्हावा-शेवा बंदरातलं मेर्स्क या जहाज कंपनीचं टर्मिनल ठप्प झालं. नॉटपेट्याची खरी मेख वेगळीच: पॅच नसलेल्या एका पीसीच्या मेमरीतून अ‍ॅडमिनचा पासवर्ड उचलायचा आणि पॅच लावलेल्यांतही शिरायचं. तेव्हा ‘एकच तर जुना आहे’ हे सांगू नका.

टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप नाही म्हणून विंडोज ११ चढत नसेल, तर कंपन्यांना पैसे भरून पॅच मिळतात: पहिल्या वर्षी पीसीमागे ६१ डॉलर, दरवर्षी दुप्पट, तीनच वर्षं. तेही नको असेल तर त्या पीसीचं इंटरनेट तोडा, नेटवर्क वेगळं करा, ४४५ पोर्ट (फाइल-शेअरिंगची वाट, वॉनाक्राय तिथूनच शिरला) बंद करा.

‘तिथे बसून बोलायला तुमचं काय जातंय?’ जातंय. माझं रिटर्न अजून दादरचे सीएच भरतात. पॅन, आधार, एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या) खात्याची स्टेटमेंटं, सगळं त्यांच्याच पीसीत आहे, आणि तो विंडोज १०वर.