शांततेची चाचणी

परवा एका दुकानात मी शक्य तितक्या हळू आवाजात एक प्रश्न विचारला, आणि तो तिथल्या प्रत्येकाने दोनदा ऐकला. आत्याच्या आठवणी तिच्याच आवाजात जपाव्यात म्हणून मी रेकॉर्डर घ्यायला गेलो होतो आणि खिसा बेताचा होता, एवढी पार्श्वभूमी पुरे.

काउंटरवर तीन यंत्रे मांडली गेली. तिन्ही खोक्यांवर ‘२४ बिट, ९६ किलोहर्ट्झ’ असे ठळक छापलेले होते आणि ते वाचून मी जाणकारासारखी मान डोलावली. वास्तविक माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो आणि तेवढे टिपायला आवाजाचे नमुने त्याच्या दुपटीहून थोड्या अधिक वेगाने घेतले की झाले, म्हणजे सीडीचे जुने ४४.१ किलोहर्ट्झ पुरेसे होते. ९६चा फायदा एवढाच की बोलता बोलता आत्या वटवाघळासारखी चीत्कारली, तर तेही निसटणार नाही. त्या बदल्यात तासाभराच्या गप्पा दोन गिगाबाइटहून अधिक जागा खाणार. मायक्रोफोनच्या मागचा प्रीॲम्प, म्हणजे त्याच्याकडून आलेला क्षीण आवाज वाढवणारा भाग, स्वतः किती खरखर करतो, हे मात्र खोक्याच्या सहा बाजूंपैकी एकीवरही छापलेले नव्हते.

ही उणीव माझ्या लक्षात आणून दिली ती शेजारच्या एका गृहस्थांनी, ज्यांना कोणीही काहीही विचारले नव्हते आणि जे केवळ दोन पेन्सिल सेल घ्यायला आले होते.

“‘हॅलो हॅलो’ काय म्हणताय? बोलणं कुठलंही यंत्र टिपतं,” ते म्हणाले. “शांतता टिपून बघा.”

“शांतता?”

“अर्धा मिनिट. अहो, तो पंखा बंद करा जरा.”

पंखा खरोखर बंद झाला, आणि याचा राग अजून गेलेला नाही. थोड्याच वेळापूर्वी मी घाम पुसत त्याच पंख्याचा वेग वाढवायची विनंती केली होती, तेव्हा त्याचे बटण बिघडले आहे असे मला सांगण्यात आले होते. गृहस्थांनी मग प्लॅस्टिकची पिशवी चाळवणाऱ्या एका बाईंना नुसत्या भुवईने थांबवले, एका लहान मुलाला श्वास नाकाने आणि हळू घ्यायला सांगितले, आणि रेकॉर्डर ‘ऑटो लेव्हल’वर टाकून त्याच्या पडद्यावरच्या दोन पट्ट्यांकडे ते नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे एकटक पाहत राहिले. “आवाज नसला की हे घाबरतं आणि कान टवकारत जातं,” असे त्यांनी आधीच समजावले होते, “तिथेच याचं पितळ उघडं पडतं.”

थोड्या वेळाने त्यांनी हात वर केला. त्याचा अर्थ ‘अजून दहा सेकंद’ असा होता. मला तो ‘संपले’ असा वाटला. मी विक्रेत्या मुलाच्या कानाशी वाकलो आणि कुजबुजलो.

गृहस्थांनी यंत्राची वायर काउंटरवरच्या मोठ्या स्पीकरला जोडली. प्रथम कुकरची शिट्टी होण्याआधी येते तशी सूंऽऽ आली आणि त्या सूंमधून एक घोगरा, लाचार आवाज दुकानभर घुमला : “याच्याहून स्वस्त काही नाही का? वापरलेलं असलं तरी चालेल.” आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येत असतो, त्यामुळे रेकॉर्ड केलेला आवाज परका वाटतो, हा कंजूष कोण, हे पाहायला मी खरोखरच मागे वळलो. ऑटो लेव्हलने माझी कुजबुज जाहीर सभेइतकी मोठी केली होती. ओठ ओले करण्याचा आवाजही सुटला नव्हता.

“थांबा,” म्हणत गृहस्थांनी ते पुन्हा लावले. “‘स्वस्त’मधला ‘स’ बघा, जरासुद्धा फाटला नाही. मायक्रोफोन गुणी आहे. प्रीॲम्प मात्र दमेकरी.”

मुलगा हसला, आता त्याला तोंडाने श्वास घ्यायची परवानगी होती.

दुर्दैवाने गृहस्थांचे म्हणणे खरे होते. त्यांनी उरलेल्या दोघांचीही शांतता तपासली, तिसऱ्याची सूं जवळजवळ ऐकूच येत नव्हती, आणि मी निमूटपणे तेच घेतले. मग कळले की मेमरी कार्ड वेगळे, टेबलावर उभे करायचे छोटे स्टँड वेगळे आणि मायक्रोफोनवर चढवायचे स्पंजचे टोपडेही वेगळे. त्या टोपड्यावाचून आत्याच्या प्रत्येक ‘फ’बरोबर वादळ उठणार हे ठाऊक असूनही ते वेगळे विकायचे, म्हणजे छत्रीच्या काड्या एका किमतीला आणि कापड दुसऱ्या. हे सारे हिशेब बेताच्या खिशाच्या माणसालाच उभ्या उभ्या मनात करावे लागतात, आणि शंका आली तर विचारायची ती कुजबुजत. टोपडे मी घेतले नाही. घरी पायमोज्याचा एक तुकडा लावून पाहिला, आणि आत्याने त्याच्यासमोर तोंड उघडायला साफ नकार दिला.

ती फाइल पुसायला सांगायचे मात्र राहून गेले. ते डेमोचे यंत्र अजून काउंटरवर असणार. दमेकरी असल्यामुळे ते लवकर खपेल असे वाटत नाही.