श्रावण पाळतो म्हणजे व्यसन नाही?

गटारी जवळ आली की ग्रुपवर मटणाचे आणि बाटल्यांचे मीम सुरू होतात, मग कोणीतरी 'मूळ शब्द गताहारी आहे' हा दरवर्षीचा फॉरवर्ड टाकतं. टाका की. माझा वाद वेगळ्याच वाक्याशी आहे. "आपण श्रावण कडक पाळतो राव, महिनाभर थेंब नाही, आपल्याला कसलं आलंय व्यसन!"

माझा मामा हेच म्हणायचा. आणि खरंच पाळायचा. एरवी रोज रात्री, पुढे पुढे तर सकाळी चहाच्या आधी पण, कारण त्याशिवाय हात एवढे थरथरायचे की दाढी करता यायची नाही, पण श्रावण लागला की बंद म्हणजे बंद. मामी त्या एका महिन्याच्या जिवावर बाकीचे अकरा काढायची. पण श्रावणाचे पहिले तीन-चार दिवस वर्षागणिक जास्त वाईट जायला लागले होते, घाम, उलट्या, झोप नाही, आणि आजी म्हणायची विष बाहेर पडतंय, पडू दे.

मग एका वर्षी दुसऱ्या दिवशी फिट आली. तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या, गोधडीवरून काहीतरी वेचून टाकत बसला, मामीला ओळखेना. घरच्यांनी काय करावं? बाहेरचं लागलंय म्हणून अंगारा, लिंबू. सकाळ होईपर्यंत अंग तापलेलं, मग कुठे गाडी काढली. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, शेवटची कधी घेतली?

तेव्हा कळलं की दारू मेंदूला दाबून ठेवते म्हणून मेंदू वर्षानुवर्षं उलटा जोर लावत असतो, आणि दारू एकदम काढली की तो जोर मोकाट सुटतो. थरथर काही तासांतच सुरू होते, फिट बहुतेक पहिल्या दोन दिवसांत, आणि भास-भ्रम साधारण दोन-तीन दिवसांनी. त्यात माणूस जाऊ शकतो. दारू पिऊन नाही, सोडून! याला उपाय आहे, गोळ्या देऊन हळूहळू कमी करतात, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात, पण हे डॉक्टरच्या नजरेखाली. खोलीत कोंडून, शपथ घालून, माळ घालून नाही. (माळेवर माझी श्रद्धा आहे, पण माळ फिट थांबवत नाही.)

म्हणून सकाळी हात थरथरणारा कोणी घरात असेल तर श्रावणाचं निमित्त करून त्याला एकदम बंद करायला लावू नका, आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. लाज वाटते? आम्हालाही वाटली. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतंय, एवढी वर्षं लोक तिथे जातायत आणि आपण अजून 'वेड्यांच्या डॉक्टरकडे कशाला' म्हणतोय. आणि ज्याला महिनाभर सोडता येते त्यानेही स्वतःला एकदा विचारावं, की गणपतीच्या आधी आपण दिवस मोजतो का? मामा मोजायचा. कॅलेंडरवर पेनाने फुल्या असायच्या.

मामा आता घेत नाही, सहा वर्षं झाली. मधे दोनदा घसरला, ते पण सांगायला हवं. गटारीचं मटण आता तोच करतो, तिखट जाळ. मामी मात्र अजूनही श्रावणातल्या तिसऱ्या रात्री उठते, लाईट लावून त्याच्याकडे बघते आणि परत झोपते.