पाणी मारलं म्हणजे धूळ बसली, असं नाही

मुंबईत थंडी सुरू झाली की सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक संदेश फिरू लागतो: 'बांधकामाची धूळ म्हणजे साधी माती. बिल्डर पाणी मारतोय, आणखी काय हवं? एक्यूआय (हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक) शंभरच्या आत असेल तर तक्रार टिकत नाही. आणि परवानगी असलेलं काम पालिका थांबवू शकत नाही.' यातलं एकही वाक्य खरं नाही.

आधी 'साधी माती'. ग्रॅनाइट, व्हिट्रिफाइड टाइल, वीट यांत सिलिका असते. कटर कोरडा चालवला की तिचे डोळ्यांना न दिसणारे कण फुफ्फुसात खोलवर जातात आणि त्यातून होणारा सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा आजार बरा होत नाही. सगळ्यात जास्त धोका कटर धरणाऱ्या कामगाराला. तोंडाला बांधलेला रुमाल हे कण अडवत नाही.

पाण्याचं म्हणाल तर ते कुठे आणि कधी पडतं याला महत्त्व आहे. कापताना ते पात्यावर सतत पडायला हवं. राडारोडा भरताना आधी आणि भरणं चालू असतानाही. सकाळी एकदा पाइप फिरवला तर दुपारपर्यंत सगळं पुन्हा कोरडं. शिवाय पाण्याने चिखल होतो आणि तो डंपरच्या टायरला चिकटून गेटबाहेर जातो. रस्त्यावर तो वाळतो, गाड्यांखाली भरडला जातो आणि दिवसभर उडत राहतो. आत ओलं, बाहेर धुरळा, असं दिसतं ते यामुळेच. म्हणून गेटवर टायर जोरदार पाण्याने धुतले पाहिजेत आणि तिथून रस्त्यापर्यंतचा पट्टा पक्का हवा. टायर धुण्याच्या टाकीतला गाळ वेळेवर उपसला नाही, तर त्याच गढूळ पाण्याने टायर 'धुतले' जातात. हा गाळ पावसाळी गटारात सोडला तर पुढच्या पावसात तेच गटार तुंबतं.

एक्यूआय ठरतो तो मुख्यतः 24 तासांच्या सरासरीवर, आणि मोजणी केंद्र तुमच्या गल्लीपासून दूर असू शकतं. मुळात पालिकेचे ऑक्टोबर 2023 चे नियम या आकड्यावर अवलंबूनच नाहीत. एक एकरपेक्षा मोठ्या भूखंडाभोवती किंवा 70 मीटरपेक्षा उंच इमारतीभोवती 35 फूट उंच पत्रे, लहान भूखंडाला 25 फूट, इमारतीला सगळ्या बाजूंनी हिरवं कापड, ताग किंवा ताडपत्री, कापण्या-घासण्याचं काम बंदिस्त जागेत, गाडी झाकलेली. यातलं काही नसेल तर एक्यूआय चाळीस असला तरी तो नियमभंगच.

परवानगी नियम पाळण्याच्या अटीवर असते. याच नियमांनुसार प्रत्येक वॉर्डात दोन अभियंते, एक पोलीस आणि एक मार्शल अशी पथकं नेमायची होती, आणि नियम मोडल्यास काम थांबवण्याची नोटीस देता येते. पालिकेने 'पैसे नाहीत, माणसं नाहीत' म्हणणंही चालत नाही. मध्य प्रदेशातल्या रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्येच ही सबब नाकारली होती. तिथे प्रश्न गटारांचा आणि शौचालयांचा होता, पण सार्वजनिक उपद्रवाचं तत्त्व तेच.

मात्र पालिकेच्या 1916 या हेल्पलाइनवर नुसतं 'खूप धूळ आहे' सांगू नका. पथक पोहोचेपर्यंत धूळ खाली बसलेली असते. पण तुटलेले पत्रे जागेवरच असतात. तारीख, वेळ, कोणतं गेट, ताडपत्रीविना गेलेल्या डंपरचा नंबर आणि रस्त्यावरच्या चिखलाच्या पट्ट्याचा फोटो, एवढं द्या. तक्रार क्रमांक जपून ठेवा. कारवाई झाली नाही, तर त्याच तक्रार क्रमांकाचा उल्लेख करून माहिती अधिकारात पाहणी अहवालाची प्रत मागा. उत्तराची मुदत 30 दिवस आहे.